कच्ची बाजू आधी सांगणारे झंझाड वकील

आम्ही ढीवर. मोहाडीकडच्या ज्या गावात मी वाढलो, तिथे धान पिकवणाऱ्यांची घरं वरच्या अंगाला आणि आमची घरं तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून. शेताची एक बांधीसुद्धा आमच्या नावावर नव्हती. माय आणि बाप पहाटे पाण्यात उतरायचे ते ऊन डोक्यावर आलं की बाहेर यायचे. मासोळी गावली तर कनीचा भात आणि वर रस्सा. नाही गावली तर आंबाडीची भाजी आणि तिचंच पाणी. हिवाळ्यात मायचे पाय फुटायचे. त्या भेगांत चिखल बसायचा. मग ती चुलीजवळ बसून भेगांत मोहाचं तेल भरायची, आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून पदर दाताखाली धरायची.

माय पाण्यात असताना मला आणि माझ्या बहिणीला पारीवरच्या झाडाला बांधून ठेवत. जुन्या जाळ्याची दोरी, एक टोक पायाला, एक टोक बुंध्याला. आमच्या वस्तीतली लेकरं अशीच वाढली. त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं, आणि मलाही ते सांगायची लाज वाटत नाही.

पुढे मी वसतिगृहात राहून बी.ए. झालो. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी मिरवून सांगतो, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. समाजकल्याण खात्यात मला परिवीक्षा अधिकाऱ्याची नोकरी लागली, ठिकाण भंडारा. घरातून पळालेली, टाकून दिलेली, कुठे कामाला जुंपलेली लेकरं पोलीस नाहीतर खातं उचलून रिमांड होममध्ये आणायचं. त्या लेकरांची चौकशी करून बाल न्यायालयात अहवाल द्यायचा, हे माझं काम. आणि कोर्टात खात्याच्या वतीने उभं राहायचं काम तुळशीराम झंझाड वकिलांचं.

झंझाड साहेब तेव्हा पन्नाशीला टेकलेले. उंच, मानेनं लांब, आणि अंगात काळा कोट, जो खांद्यांवर उन्हानं तांबूस झाला होता. आमच्या ऑफिसात आले की आधी खुर्ची पंख्याखालून ओढून भिंतीला लावायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, ‘‘पंखा सरकारी आहे. त्याचा स्क्रूही सरकारीच असंल.’’ फाईल मात्र खुर्चीत बसून कधी वाचली नाही. उभ्यानं वाचायचे, एक पाय खुर्चीच्या दांडीवर. बसून वाचलेलं पोटात जाते, डोक्यात जात नाही, असं त्यांचं मत.

कचेरीच्या व्हरांड्यात ते आमच्यासारखंच बोलायचे, मले-तुले करत. कोर्टाच्या उंबऱ्याशी चपला काढाव्या तशी ही बोली बाहेर काढून ठेवायचे आणि आत शुद्ध, छापील मराठीत बोलायचे. बाहेर आले की पुन्हा पायात घालायचे.

माझा पहिला अहवाल त्यांनी हातात घेतला तो दिवस मला चांगला आठवतो. ‘कौटुंबिक विघटन’, ‘प्रतिकूल परिस्थिती’ असे शब्द घालून मी तो मन लावून लिहिला होता.

‘‘हे कोणी लिवलं?’’

‘‘मी, साहेब.’’

‘‘शिकेल दिसतेस.’’

‘‘बी.ए. आहो.’’

‘‘बरं. पोट्टा जेवते काय?’’

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, ‘‘जेवते काय, झोपते काय, कोणाची आठवण काढते काय. हे यात नाही. बाकी लय आहे.’’

मला राग आला. घराण्यात पहिल्यांदा बी.ए. झालेल्या माणसाला राग लवकर येतो. पण मी रिमांड होममध्ये जाऊन त्या पोराजवळ बसलो. तो आईची नाही, बापाची नाही, एका बांड्या बैलाची आठवण काढत होता. त्या बैलाला विकलं म्हणून तो घरातून निघाला होता. मी अहवालात ती ओळ घातली. झंझाड साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, ‘‘आता हा पोट्टा झाला. पयले नुसता अर्ज होता.’’

तरुणपणी ते मंडईच्या नाटकात बायकांची पार्टं करत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि सकाळ होईपर्यंत नाटक चालतं; त्यात झंझाडांची राणी बघायला लोक बैलबंड्या जुंपून यायचे म्हणे. कोर्टात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि सगळे ती वापरत. एका बिडीच्या ठेकेदाराच्या घरी एक मुलगी धुणीभांड्याला ठेवली होती. खात्याने तिला सोडवून आणलं, तेव्हा ठेकेदाराचं म्हणणं पडलं की आम्ही तिला लेकीसारखं वागवतो. त्याचा वकील मोठा नावाजलेला. खटल्याआधी व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, ‘‘काय झंझाड, आज लुगडं नाही आणलं?’’

झंझाड साहेब छत्री काखेत धरून म्हणाले, ‘‘आणणार होतो. पण तुमच्या अशिलानं पोरीले कालच नवं घेऊन देल्लं म्हणते. एका खटल्यात दोन कायले?’’

लोक हसले. आत गेल्यावर मात्र त्यांनी उठून पहिलंच वाक्य आपल्याच बाजूविरुद्ध उच्चारलं. ‘‘आमच्या बाजूत एक गोष्ट कच्ची आहे. मुलीला मारताना कोणीही पाहिलेलं नाही, आणि तिच्या अंगावर एकही वळ नाही.’’ समोरचा वकील ज्या मुद्द्यावर तासभर बोलणार होता तो मुद्दा यांनी स्वतःच टेबलावर ठेवला. तो मग नुसता कागद चाळत राहिला. झंझाड साहेब पुढे म्हणाले, ‘‘मारलं नाही. शाळेत पाठवलं नाही. आई भेटायला आली तेव्हा दार उघडलं नाही. लेकीसारखं म्हणजे काय, ते कोर्टानं ठरवावं.’’ मुलगी आईकडे गेली.

पायऱ्या उतरताना मी विचारलं, असं आपलंच उणं कायले सांगायचं. ते म्हणाले, ‘‘कच्ची बाजू आपणच आधी सांगावं, दिघोरे. दुसऱ्यानं दाखवली की तेचं भोक होते. आपण दाखवली की तेची खिडकी होते.’’

खात्यातल्या साहेबलोकांना ही खिडकी पसंत नव्हती. ‘‘आपलाच वकील आपलीच चड्डी उतरवते,’’ असं एकजण माझ्यासमोरच म्हणाला होता. पण खटले पुष्कळ जिंकले जात, म्हणून चालून जात होतं. मंजुळाच्या वेळी चाललं नाही.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. आमचे एक वरिष्ठ साहेब जीपने अड्याळकडे चालले होते. रस्त्याला लागून तलाव. पारीवर एका झाडाला तीनेक वर्षांची मुलगी, मंजुळा, बांधलेली, अंगावर चिंधी नाही, रडून रडून घसा बसलेला, आणि आसपास कोणी नाही. साहेबांनी जीप थांबवली, दोरी सोडली, मुलीला उचललं आणि भंडाऱ्याला आणलं. तिची आई कौसल्या तेव्हा तलावाच्या मधोमध शिंगाडे काढत होती. जीप दिसल्यावर ती पाणी कापत निघाली, पण ती काठाला लागेपर्यंत धूळसुद्धा बसली होती. दुसऱ्या दिवशी ती चालत भंडाऱ्याला आली आणि रिमांड होमच्या फाटकासमोर बसली. निकाल लागेपर्यंत भेट नाही, असा हुकूम होता.

साहेबांच्या मनात काही खोट नव्हती. जे दिसलं त्यानं कोणाचंही काळीज हललं असतं. पण एका साप्ताहिकानं ‘जनावरासारखी बांधलेली बालिका’ असं छापलं, वरून शाबासकी आली, आणि मग साहेबांना मागे फिरता येईना. अर्ज तयार झाला: आई सांभाळायला नालायक, मुलीला सज्ञान होईपर्यंत नागपूरच्या बालगृहात ठेवावं.

इकडे मंजुळा जेवत नव्हती. दूध दिलं की थुंकायची. दूध तिनं कधी पाहिलंच नसावं. भाताची पेज तेवढी घ्यायची, तीही फाटकाकडे तोंड करून. आणि फाटकाबाहेर कौसल्या. कोणीही विचारलं, ‘काहून बांधलं बाई?’ की ती मान खाली घालायची. ‘‘बांधलं जी.’’ त्यापुढे अक्षर नाही. दारावरच्या शिपायापासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच काढला: बाईला माया नाही.

मी झंझाड साहेबांना सांगितलं, ‘‘साहेब, मलेही माय बांधत होती. आमच्यात सगळेच बांधतात.’’

त्यांनी फाईलवरून नजर काढली नाही. ‘‘तू खात्याचा माणूस. तुझी साक्ष कोण धरते? आणि सगळे बांधतात, हे उत्तर नोहे. या बाईनं काहून बांधलं, ते पाहा लागते. उद्या एस.टी.नं जाऊ.’’

गेलो. मंजुळाची दोरी झाडालाच होती. जवळच कौसल्याचा चुलतसासरा गोमाजी जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. कोटवाले आले की पोरं जातात, एवढं त्याला आता कळलं होतं.

झंझाड साहेब खाली बसले. दोरीचं पायाकडचं टोक त्यांनी उलटसुलट पाहिलं. त्याला जुन्या लुगड्याची मऊ पट्टी गुंडाळलेली होती. मग त्यांनी विजार वर केली आणि ती दोरी स्वतःच्या पायाला बांधली. पाच-सहा पोरं जमली. काळा कोट घातलेला वकील झाडाभोवती फिरला, सावलीत गेला, दगडावर बसला, उठला आणि पाण्याकडे चालू लागला. एका जागी दोरीनं असा हिसका दिला की छत्री एकीकडे आणि ते एकीकडे. पोरं फिदीफिदी हसली. ते हसले नाहीत. दोरी ताणून तिथेच उभे राहिले. त्यांच्या अंगठ्यापासून पाणी एक माणूस आडवा पडेल एवढ्यावर होतं.

‘‘बाबाजी,’’ त्यांनी गोमाजीला हाक मारली, ‘‘दोरी एवढीच काहून? अजून चार हात असती तर पोट्टीले पाय मोकळे करता आले असते.’’

‘‘मंग पाणी लागते,’’ गोमाजी जाळ्यातून म्हणाला.

‘‘पोट्टी पाण्याले भेत नाही काय?’’

‘‘ढिवराचं पोर पाण्याले कायले भेईल? थेच तं...’’ गोमाजी थांबला. तलावाकडे पाहिलं. मग उठून म्हणाला, ‘‘इथं नाव नाही काढत साहेब. घरी चला.’’

घरात, दार लोटून, त्यानं सांगितलं. मंजुळाच्या आधी कौसल्याला एक मुलगा होता. या तलावानंच नेला. ती स्वतः पाण्यात होती, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तेव्हापासून ती त्याचं नाव घेत नाही, आणि वस्तीही घेत नाही. आमच्यात तशीच रीत आहे. तलावानं पोर नेलं तर त्याची तक्रार करायची नाही. केली की तलाव आणखी मागतो. ‘‘ज्याचं खाऊन राहिलो, त्याची चुगली कशी करावं साहेब?’’ गोमाजी म्हणाला. ‘‘आणि थे बाई तं उद्या पुन्हा त्याच पाण्यात उतरणार आहे.’’

परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं, झालं, जिंकलो. तसं बोललोही. झंझाड साहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, ‘‘काय जिंकलो? मी खात्याचा वकील. मीच साक्षीदार होऊ? आयकीव गोष्ट कोर्ट लिहून घेत नाही. तिनं बोलाव लागते. आणि थे बोलली नाही तं पोट्टी नागपूरले जाते.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी वरिष्ठांना गाठलं. मी दाराशी होतो. ‘‘साहेब, अर्ज मागं घ्या. पाहिजे तं मी चौकशीचं टिपण देतो. मी सांगून राहिलो. नंतर म्हणू नका, वकिलानं सांगतलं नाही.’’

साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘झंझाड, समोर वकीलसुद्धा नाही. दहा मिनिटांचं काम आहे. तुमची ती कच्ची बाजू वगैरे या वेळी नको. पुढच्या महिन्यात तुमच्या नेमणुकीचा कागद माझ्याच टेबलावर येतो आहे.’’

‘‘येऊ द्या जी,’’ झंझाड साहेब म्हणाले आणि छत्री उचलून निघाले.

सुनावणीची खोली लहान. न्यायाधीश नवे, पुण्याकडचे, झटपट काम उरकणारे. वरिष्ठ साहेब पुढच्या खुर्चीवर. मंजुळा रिमांड होमच्या बाईंच्या मांडीवर, आणि कौसल्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून. मंजुळानं आईला पाहिलं, पण रडली नाही, हात पुढे केला नाही. नुसती पाहत राहिली. ते मला रडण्याहून वाईट वाटलं.

‘‘आपण मुलीला दोरीने बांधून ठेवत होता, हे खरे आहे का?’’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘‘बांधलं जी.’’

‘‘कशासाठी?’’

कौसल्याची मान खाली.

‘‘आपल्याला काही सांगायचे आहे का?’’

तिनं नकारार्थी मान हलवली. न्यायाधीशांनी पेन उचललं. तेव्हा झंझाड साहेब उठले.

‘‘अर्जदाराच्या बाजूत एक गोष्ट कच्ची आहे,’’ ते म्हणाले. ‘‘समोर वकील नसल्यानं ती मलाच सांगितली पाहिजे. मुलीला बांधलं, हे अर्जात आहे. का बांधलं, हे कुठेही नाही. कोर्टाची परवानगी असेल तर मी यांना विचारतो.’’

‘‘झंझाड,’’ पुढच्या खुर्चीवरून दबका आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं नाही. न्यायाधीशांनी होकारार्थी मान हलवली.

ते कौसल्याजवळ गेले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना कोर्टाच्या आत आमच्या बोलीत बोलताना ऐकलं. आवाज अगदी हळू.

‘‘माय, इथून तलाव दिसते काय?’’

कौसल्यानं खिडकीकडे पाहिलं. बाहेर कचेरीची भिंत होती. ‘‘नाही जी.’’

‘‘इथलं त्याले आयकू जाते काय?’’

तिनं एकदा मंजुळाकडे पाहिलं. ‘‘नाही.’’

‘‘मंग मले एक सांग. मोठ्यालेही असंच बांधत होतीस काय?’’

कोणीतरी तिच्या पोटात लाथ मारावी तशी ती वाकली. झंझाड साहेबांच्या कोटाची पाठ घामानं भिजत चालली होती, ते मला मागून दिसत होतं. ती बोलली नाही तर संपलं होतं. मंजुळाही संपली होती आणि हा माणूसही. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. वरिष्ठ साहेब उठण्याच्या तयारीत खुर्चीच्या कडेला आले.

‘‘मोठ्याले नव्हतं बांधलं,’’ कौसल्या म्हणाली.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

‘‘थो लय रडे. दोरी सोड म्हणे. मले दया आली. सोडून देल्लं.’’ मग तिनं हात नुसता हवेत पुढे केला, पाण्यावर ठेवावा तसा. ‘‘तलावानं ठेवून घेतलं.’’

कारकुनानं विचारलं, ‘‘काय लिहू, साहेब?’’

‘‘त्या बोलल्या तसंच लिहा,’’ न्यायाधीश म्हणाले.

झंझाड साहेब आपल्या जागी परतले. त्यांनी दोरीबद्दल सांगितलं, गुंडाळलेल्या पट्टीबद्दल, पाण्याआधी ती कुठे संपते त्याबद्दल. प्रत्यक्ष मोजून घ्यायची असेल तर कोर्टानं कोणालाही पाठवावं, म्हणाले. मग पुन्हा छापील मराठीत, ‘‘अर्जदाराचं म्हणणं संपलं. हुकूम कोर्टानं करावा,’’ असं म्हणून खाली बसले. बरोबर पंख्याखाली बसले होते. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

हुकूम झाला. मुलगी आईकडे, वर्षभर माझी देखरेख, आणि आया पाण्यात असताना त्या पारीवर लेकरांजवळ बसणाऱ्या बाईची सोय खात्याने करावी. कौसल्यानं हात पसरले तेव्हा मंजुळानं आधी तोंड फिरवलं. मग एकदम झेप घेतली आणि आईच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटली. कौसल्यानं तिला मारू दिलं.

पुढच्या महिन्यात झंझाड साहेबांची नेमणूक संपली, ती पुन्हा झाली नाही. मी हळहळलो तर म्हणाले, ‘‘बरं झालं. तुमच्या ऑफिसातला पंखा आता लय हालते.’’ त्यानंतर ते साकोलीला खाजगी वकिली करू लागले. जमिनीचे, धुऱ्या-बांधाचे, भावाभावांचे खटले. त्यातही म्हणे ते उठून आधी स्वतःच्या अशिलाचं उणं सांगत, आणि म्हणून अशील कमी येत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साकोलीच्या बसस्टँडवर. मी तोवर अधीक्षक झालो होतो, गाडीची वाट पाहत होतो. समोरच्या बसच्या खिडकीत तोच लांब मानेचा माणूस, केस पांढरे, मांडीवर फाईल. मी धावत खिडकीशी गेलो, नमस्कार केला.

‘‘अधीक्षक झालास म्हणे.’’

‘‘झालो जी.’’

‘‘माय कशी आहे?’’

‘‘चांगली आहे, साहेब. माझ्याजवळच राहते. आता पाण्यात उतरत नाही.’’ हे मी जरा छाती काढूनच सांगितलं.

‘‘थे उतरत नाही, का तू उतरू देत नाहीस?’’

कंडक्टरनं घंटी मारली. ‘‘विचार तिले,’’ झंझाड साहेब खिडकीतून म्हणाले आणि बस हलायच्या आतच फाईल उघडून उभे राहिले, एक हात वरच्या दांडीला. बस महामार्गाला लागेपर्यंत ते तसेच उभ्यानं वाचताना दिसत होते.

त्या तलावाच्या पारीवर खात्याने बाई नेमली आणि पुढे तिथेच अंगणवाडी झाली. मंजुळा आईजवळ वाढली आणि गावच्या शाळेत गेली. त्या वस्तीतलं एकही लेकरू खात्याने पुन्हा उचललं नाही.